ताटापुरता हिशोब

सेंद्रिय म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, हे वाक्य हल्ली इतक्या सहजपणे फेकले जाते की बोलणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला तो मागावासा वाटत नाही. लग्नाच्या पंगतीत ते ऐकू येते, सोसायटीच्या सभेत येते, टीव्हीवरच्या चर्चेत येते. कृषी विषयातल्या पदव्या घेतलेली माणसेही त्याला मान डोलावतात. बरे, हे वाक्य एकटे कधीच येत नाही. त्याच्या मागून उरलेली फौज येते: सेंद्रिय आणि साध्या भाजीच्या पोषणात काडीचा फरक नाही. विषाचा अंश असलाच तर इतका थोडा की त्याने काही होत नाही, आणि भाजी धुतली की तोही जातो. दुकानातला सेंद्रिय माल निम्मा खोटा असतो, आणि खरा असला तर सामान्य माणसाला परवडत नाही. शेवटी हुकमाचा एक्का: सगळा देश सेंद्रिय झाला तर निम्मी जनता उपाशी मरेल, विश्वास बसत नसेल तर श्रीलंकेकडे बघा.

विरोधकांची बाजू मी मुद्दाम काही न गाळता मांडली. आता ती पुन्हा एकदा वाचा आणि तिच्यात कोण कोण आहे ते शोधा. खाणारा आहे, दुकानदार आहे, देशाची लोकसंख्या आहे. ज्याने ती भाजी पिकवली, तिच्यावर फवारा मारला, तो माणूस कुठे आहे? ज्या विहिरीत त्या शेताचे पाणी झिरपते ती विहीर कुठे आहे? सेंद्रिय अन्नाच्या फायद्याचा सगळा हिशोब ताटापुरता करायचा आणि मग ताटात फारसे काही सापडले नाही म्हणून हात झटकायचे, ही या युक्तिवादाची मूळ खोड आहे. माझा राग आहे तो यावर.

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. दोन ओळींमध्ये वारा खेळायला जागा नाही, दमट उकाडा, आणि किडीच्या धास्तीने एकामागून एक फवारण्या. कपाशी कमरेएवढी असते तेव्हा पंपाचे नोझल खाली धरून चालता येते. त्या वर्षी ते वर धरून मारावे लागत होते. वर मारलेला तुषार खाली येणार तो मारणाऱ्याच्याच तोंडावर, मानेवर, उघड्या हातांवर. दुकानदाराने हातात ठेवलेली दोन-तीन औषधे एकाच टाकीत ओतायची, काठीने ढवळायची, काठी नसली तर हाताने. मास्कच्या जागी गळ्यातला रुमाल. डब्यासोबत सूचनांचा कागद असतो, पण तो घड्या घालून कोंबलेला, अनेक भाषांत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेला. संध्याकाळी डोळ्यांची आग सुरू व्हायची, मग मळमळ, मग अंधारी. जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने गेले. शेकडो जणांना रुग्णालयात भरती करावे लागले. त्यांत कित्येकांना काही दिवस दिसेनासे झाले होते. त्या हंगामात वापरलेल्या औषधांमध्ये मोनोक्रोटोफॉस होते, प्रोफेनोफॉस होते आणि डायफेन्थियुरॉन होते. यातले डायफेन्थियुरॉन युरोपीय संघाने आणि स्वित्झर्लंडने स्वतःच्या शेतांत वापरणे कधीच थांबवले होते. आपल्याकडे मात्र ते स्वित्झर्लंडमधूनच येत होते. त्याच्यावर खास असा उतारा नाही. डॉक्टरांनी करायचे ते लक्षणांवर.

यावर ठरलेले उत्तर आहे: चूक शेतकऱ्याची, त्याने हातमोजे घालायला हवे होते, चष्मा लावायला हवा होता. सप्टेंबरच्या उकाड्यात, डोक्यावर गेलेल्या कपाशीत, रबरी मोजे आणि अंगभर प्लास्टिकचा अंगरखा घालून रोजंदारीवरचा मजूर दिवसभर पंप ओढू शकतो का, हे एकदा हा सल्ला देणाऱ्याने स्वतः करून पाहावे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेतच लिहिले आहे की जी औषधे वापरताना त्रासदायक, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ती टाळावीत, आणि विशेषतः उष्ण हवामानातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या बाबतीत टाळावीत. यवतमाळचे वर्णन याहून नेमके कोण करील? जे विष फक्त विदर्भात कुठेच नसलेल्या परिस्थितीत सुरक्षितपणे वापरता येते, ते विदर्भात विकायचेच का?

आणि सरकारने काय केले? परदेशांत बंद झालेली, पण भारतात चालू असलेली ६६ कीटकनाशके तपासायला २०१३ मध्ये अनुपम वर्मा समिती नेमली. २०१८ मध्ये त्यांतल्या १८ वर बंदीचा आदेश आला. २०२० च्या मे महिन्यात आणखी २७ वर बंदीचा मसुदा निघाला. उद्योगांनी हरकती घेतल्या, समित्यांवर समित्या बसल्या आणि २०२३ मध्ये त्या २७ पैकी बोटांवर मोजण्याइतकी बंद झाली. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून मनाई होती, म्हणजे ते घातक आहे हे दरबारी मान्य होते. तरीही ते कपाशीसाठी दुकानात मिळत राहिले, आणि जे दुकानात मिळते ते भाजीवरही पडते. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या एका शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. त्यांच्या जेवणात सापडले ते हेच मोनोक्रोटोफॉस.

म्हणून सेंद्रिय भाजीत जीवनसत्त्वे जास्त असतात का, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्नच नाही. ती पिकवताना कोणाला उलट्या झाल्या नाहीत, हा तिचा पहिला गुण. तो प्रयोगशाळेत मोजता येत नाही म्हणून धरायचाच नाही, हा कुठला न्याय?

पण ताटाचाच हिशोब हवा असेल तर तोही करू, कारण तिथेही या मंडळींनी सोयीचे तेवढेच वाचले आहे. २०१२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा भक्कम पुरावा नाही, हे त्यांचे वाक्य जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळ्यात छापले. त्याच निबंधात पुढे असेही होते की सेंद्रिय अन्नामुळे कीटकनाशकांच्या अंशांशी आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंशी येणारा संबंध कमी होऊ शकतो. हे मथळ्यात का नव्हते? दोनच वर्षांनी न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने ३४३ शोधनिबंधांचा आढावा निघाला. सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट घटक जास्त आढळले आणि कॅडमियम हा जड धातू कमी. कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण रासायनिक पिकांत चौपट होते. ‘काडीचा फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी हा आढावा उघडून तरी पाहिला आहे का?

त्याहून बोलका प्रयोग सिएटलचा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शाळकरी वयाच्या २३ मुलांना काही दिवस त्यांचे नेहमीचे जेवण दिले, मग काही दिवस तेच पदार्थ सेंद्रिय मालाचे दिले, आणि पुन्हा नेहमीचे. रोज लघवी तपासली. सेंद्रिय जेवण सुरू होताच मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या दोन कीटकनाशकांच्या खुणा जवळजवळ दिसेनाशा झाल्या. जुने जेवण सुरू झाले की त्या परत आल्या. मुलांच्या अंगात हे विष हवेतून येत नव्हते, पाण्यातून येत नव्हते, ते पोळी-भाजीतून येत होते, आणि ते थांबवता येते हे यातून सिद्ध झाले. यातल्या क्लोरपायरीफॉसविषयी न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गरोदरपणापासून मुलांचा माग ठेवला. ज्यांच्या नाळेच्या रक्तात ते जास्त होते त्या मुलांची सातव्या वर्षीची बुद्ध्यंकाची आणि स्मरणशक्तीची मोजणी कमी भरली. युरोपीय संघाने २०२० मध्ये ते बंद केले. मॅलॅथिऑनला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले, आणि त्याच गटात तणनाशक ग्लायफोसेटही टाकले. ही कुठली दुर्मीळ रसायने नव्हेत. तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात फळीवर मांडलेली असतात.

कर्करोगाबाबत मी अतिरेकी दावा करणार नाही. फ्रान्समध्ये सुमारे ६९,००० लोकांच्या पाहणीत सर्वाधिक सेंद्रिय खाणाऱ्यांना कर्करोग २५ टक्के कमी झाल्याचे २०१८ मध्ये दिसले. त्याआधी ब्रिटनमधल्या महिलांच्या मोठ्या अभ्यासात एकंदरीत असा फरक दिसला नव्हता. वाद चालू आहे. पण वाद चालू असताना पोटातल्या बाळाने काय खावे, हे कोणाच्या सोयीने ठरवायचे?

‘धुतले की जाते’ हा तर निव्वळ गैरसमज आहे. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, इमिडाक्लोप्रिड ही आंतरप्रवाही औषधे आहेत. पानावर पडली की ती रोपाच्या रसात जातात, रसाबरोबर सगळ्या झाडात फिरतात, आणि रस शोषणारी कीड त्यानेच मरते. जे भेंडीच्या आत आहे ते मिठाच्या पाण्यात बुडवून बाहेर कसे येणार? ‘थोडे असते, त्याने काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की सुरक्षित मर्यादा ठरते ती एकेका रसायनाची. आपण जेवतो ते मात्र वांग्यातले एक, तांदळातले दुसरे, मिरचीतले तिसरे, असे सगळे एकत्र, रोज, जन्मभर. शिवाय ती मर्यादा दगडावरची रेघ थोडीच आहे? मसाल्यांमधल्या ज्या कीटकनाशकांची मर्यादा आपल्याकडे ठरलेली नाही, त्यांच्यासाठी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम अशी सरसकट मर्यादा होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती ०.१ केली. एका आदेशाने दहापट. आपली शरीरे त्या दिवशी दहापट कणखर झाली होती का?

द्राक्षांचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे. २०१० मध्ये नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रकाचा अंश सापडल्याने युरोपने माल अडवला आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. आज निर्यातीच्या बागेची नोंदणी होते, कोणते औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचे ते पाळले जाते, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल आल्याशिवाय पेटी हलत नाही. आमच्या शेतकऱ्याला हे जमते, उत्तम जमते. मग नाक्यावरच्या गाडीवर जी द्राक्षे येतात त्यांना असा कोणता अहवाल लागतो? रॉटरडॅमच्या मुलाने काय खावे याची काळजी आपली यंत्रणा करते. लातूरच्या मुलाची कोण करते?

आता विहिरीकडे येऊ. पिकाला टाकलेल्या युरियातल्या नत्रापैकी निम्म्याहून कमीच पिकाला मिळते. उरलेले काही हवेत जाते, काही नायट्रेट होऊन पाण्यात उतरते. हवेत जाणाऱ्यातला नायट्रस ऑक्साइड हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशात नायट्रेटने सर्वाधिक बाधित अशा १५ जिल्ह्यांची यादी आहे. त्यात वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव आहेत. पंधरापैकी सात एकट्या महाराष्ट्राचे! नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद ते कमी करते. सेंद्रिय भाजी न घेणारा, किंबहुना भाजी विकतच न घेणारा माणूसही हे पाणी पितो. मग सेंद्रिय शेतीचा लाभ फक्त विकत घेणाऱ्या पैसेवाल्यांना होतो, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

परवडत नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे, कारण तो बहुतेक वेळा प्रामाणिक माणूस घेतो. त्याला एवढेच विचारायचे आहे की रासायनिक माल स्वस्त आहे हे तुम्हाला कोणी सांगितले? ४५ किलोची युरियाची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिचा खरा खर्च त्याच्या कित्येक पट आहे आणि तो फरक तुम्ही-आम्ही करातून भरतो. २०२२-२३ मध्ये देशाचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेले होते. शेणखत घालणाऱ्याला, हिरवळीसाठी ताग पेरून गाडणाऱ्याला, बांधावर गिरिपुष्प लावणाऱ्याला या ओघातले काय मिळते? प्रमाणपत्रासाठी त्याने वार्षिक पिकांना दोन वर्षे आणि फळबागेला तीन वर्षे रूपांतर काळ काढायचा. त्या काळात उत्पन्न घटते आणि मालाला सेंद्रियचा भावही मिळत नाही. प्रमाणपत्राचा खर्च त्याचाच. एकाला सरकारी तिजोरीतून उचलून धरायचे, दुसऱ्याच्या पायात बेडी घालायची, आणि मग शर्यत लावून म्हणायचे की बघा, सेंद्रिय महाग पडते. भाजीच्या भावात दवाखान्याचे बिल धरलेले नसते. विहिरीचे नुकसान धरलेले नसते. मिरजेच्या, शिरोळच्या क्षारपड झालेल्या ऊसपट्ट्याची किंमत धरलेली नसते. ती चुकती होतेच, फक्त दुसऱ्याच्या खिशातून.

खोटेपणाबद्दल थोडक्यात. सेंद्रियमध्ये फसवणूक आहे, यात शंका नाही. २०२० मध्ये भारतातून २०,००० टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून गेल्याचे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेला आढळले. ज्यांनी केले त्यांना शिक्षा व्हावी. पण दर खरिपात बनावट कीटकनाशकांवर आणि बोगस बियाण्यांवर धाडी पडतात, तेव्हा कोणी म्हणते का की रासायनिक शेती हे थोतांड आहे? तपासणी वाढवा, सेंद्रिय मालावरची अधिकृत खूण तपासून घ्या, शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांची शेते तपासायची सहभागी हमी पद्धत २०११ पासून आहे, तिला बळ द्या. चोर आहेत म्हणून घरच बांधायचे नाही, असे कोणी करत नाही. तसेच गोमूत्राने सगळे रोग बरे होतात असे सांगत फिरणाऱ्यांचा मी वकील नाही. त्यांच्यामुळे एका भक्कम शास्त्राची टिंगल होते, याचे मला दुःख आहे.

शास्त्रच ते, कारण त्याचा उगम शेतातल्या निरीक्षणात आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारच्या पुसा इथे आले. फवारणी ठाऊक नसलेल्या आसपासच्या शेतकऱ्यांची पिके इतकी निरोगी कशी, हे ते वर्षानुवर्षे पाहत राहिले आणि पुढे इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. जगभरच्या सेंद्रिय चळवळीने ती इंदूर पद्धत या नावाने घेतली. ज्याला आपले विद्वान परदेशी फॅड म्हणतात त्याचे मूळ माळव्यात आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवारातून शेतकऱ्याच्या हातात मोजपट्टी दिली: पानाचे क्षेत्रफळ किती, त्यावर ऊन किती पडते, त्यातून उत्पन्न किती निघायला हवे. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी लोकप्रिय केलेले जीवामृतही जवळून पाहा. २०० लिटर पाण्याच्या पिंपात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून रोज दोनदा काठीने ढवळायचे. दोन दिवसांत फेस धरतो, आंबूस वास सुटतो, आणि पाण्याबरोबर ते एकरभर जाते. हे खत नव्हे, विरजण आहे. गूळ-बेसनावर पोसलेले जीवाणू जमिनीत जातात. तिथे पालापाचोळ्याचे आच्छादन असेल, कडधान्याचा फेरपालट असेल तर ते कामाला लागतात, नसेल तर उपाशी मरतात. पिंप भरले आणि जमीन उघडी ठेवली, अशा शेतकऱ्याचे पीक फसते आणि मग दोष सेंद्रिय शेतीला लागतो. किडीसाठी पाच टक्के निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पक्षिथांबे, ट्रायकोग्रामाची कार्डे आहेत. यांतले बहुतेक आपल्याच कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत आहे. शिफारस पुस्तकात आणि दुकानाच्या फळीवर फक्त बाटल्या, याला जबाबदार कोण?

आता श्रीलंका. हा दाखला देणाऱ्यांपैकी किती जणांना तिथला घटनाक्रम ठाऊक आहे? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांनी रासायनिक खते आणि कीटकनाशकांची आयात एका फटक्यात बंद केली. देशाच्या तिजोरीतले डॉलर संपत आले होते, पर्यटन कोविडने बुडाले होते, आणि खतांच्या आयातीवरचा खर्च वाचवायचा होता. कंपोस्टचा साठा नाही, शेतकऱ्याला प्रशिक्षण नाही, संक्रमणाची मुदत नाही. भात आणि चहा कोसळले, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. म्हणजे जेमतेम सात महिने. सेंद्रिय शेतीत जमीन सुधारायलाच दोन-तीन वर्षे लागतात, हे प्रमाणपत्राचा नियमच सांगतो. सात महिन्यांत जे घडले ती सेंद्रिय शेती नव्हती. तो खताविना केलेला रासायनिक शेतीचा हंगाम होता. तुलना करायचीच तर सिक्कीमशी करा. तिथे २००३ मध्ये सुरुवात झाली, टप्प्याटप्प्याने खतांचे अनुदान काढले, शेतकऱ्यांना शिकवले, आणि २०१६ च्या जानेवारीत सुमारे ७५,००० हेक्टरांचे पूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर झाले. तेरा वर्षे! आंध्र प्रदेशाने २०१६ पासून बचत गटांतल्या बायकांना आणि गावातल्याच अनुभवी शेतकऱ्यांना शिक्षक करून काही लाख शेतकरी नैसर्गिक शेतीकडे वळवले. तिथे त्यामुळे धान्याचा तुटवडा पडल्याची, माणसे उपाशी मेल्याची बातमी कोणी वाचली आहे का?

उत्पन्न थोडे कमी येते, हे खरे आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या प्रयोगाच्या पहिल्या २१ वर्षांचा निष्कर्ष असा की सेंद्रिय शेतात पीक २० टक्के कमी आले, पण खते आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी लागली आणि कीटकनाशके ९७ टक्के कमी. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या रोडेल संस्थेच्या १९८१ पासूनच्या प्रयोगात तर अवर्षणाच्या वर्षी सेंद्रिय मका रासायनिक मक्याच्या पुढे गेला, कारण सेंद्रिय कर्बाने भरलेली जमीन पाणी धरून ठेवते. पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या मराठवाड्याला याहून मोलाचे दुसरे काय आहे? राहिला २० टक्क्यांचा प्रश्न. हा देश २०२२-२३ मध्ये दोन कोटी टनांहून अधिक तांदूळ निर्यात करत होता आणि त्याच वेळी मेळघाटात मुले कुपोषणाने मरत होती. धान्य कमी होते म्हणून ती मेली का? त्यांच्या आईबापांकडे ते विकत घ्यायची ऐपत नव्हती. उपासमारीचे कारण बाजारातला तुटवडा नसून गरिबाच्या हातातले रिकामेपण असते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्येच दाखवून दिले आहे.

हरित क्रांतीने भूक भागवली, हे मला मान्य आहे. पण तिचे जनक म्हटले जातात त्या एम. एस. स्वामिनाथन यांनीच १९६८ च्या जानेवारीत, वाराणसीच्या विज्ञान परिषदेत, क्रांती जेमतेम सुरू होत असताना बजावले होते की जमिनीचा कस न राखता ओरबाडून शेती केली, कीटकनाशके आणि खते बेसुमार वापरली, तर घात होईल. त्यांचे गहू आम्ही घेतले आणि इशारा गाळला. आता साठ वर्षे सगळे संशोधन, सगळी वाणे, सगळे अनुदान एका बाजूला ओतून झाल्यावर दुसऱ्या बाजूला विचारतात, तुझे उत्पन्न कमी का?

ज्यांना परवडते त्यांनी सेंद्रिय घ्यावे, आणि त्याची लाज मुळीच बाळगू नये. त्यांचा रुपया एका शेतकऱ्याला रूपांतराची दोन वर्षे तगवतो. सगळे जमत नसेल तर ज्यांवर फवारण्या जास्त होतात तिथून सुरुवात करा: द्राक्षे, मिरची, वांगी, फ्लॉवर, भेंडी, पालेभाज्या. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर आधी त्यांच्यासाठी. शेतकऱ्याचा गट गाठा, हंगामाचा करार करा, रूपांतर काळातला मालही भाव देऊन उचला. आणि सरकारकडे एक मागणी लावून धरा: महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांचा आणि शालेय पोषण आहाराचा तांदूळ, डाळ, भाजी त्याच जिल्ह्यातल्या विषमुक्त शेतांतून, हमीभावाने, पाच वर्षांच्या लेखी कराराने खरेदी करा. सुरुवात यवतमाळपासून करा.